पहाटेनंतरची जोडी

भाऊबीज झाली की गोंदिया-भंडाऱ्याकडच्या गावागावांत मंडई भरू लागते. हलका धान घरात आलेला असतो, भारी धान बांध्यांमध्ये कापणीची वाट बघत असतो, लेकी माहेरी आलेल्या असतात. दिवसा बाजार, पाळणे आणि दंडार. रात्री नाटक किंवा खडी गंमत. वडशाच्या नाट्यमंडळांच्या तारखा तर कधीच्या ठरलेल्या असतात. याच हंगामात, 21 नोव्हेंबरला, जागतिक दूरचित्रवाणी दिन येतो. संयुक्त राष्ट्रांनी तो 1996 मध्ये ठरवला. मंडईच्या गर्दीत त्याची आठवण कोणाला होत नाही. यंदा मात्र दोन्हींचा एकत्र विचार करावासा वाटतो. कारण रात्रभर मांडी घालून बसणारा झाडीपट्टीचा, म्हणजे याच पूर्व विदर्भाचा, प्रेक्षक आणि रात्री उशिरापर्यंत मोबाईलवर मालिका बघणारा त्याचा नातू एकच काम करत असतात. दोघेही जोड्या जुळवत असतात.

या जोड्या जुळवण्याला आजची तरुण मंडळी ‘शिपिंग’ म्हणतात. जहाजाशी त्याचा काही संबंध नाही. ‘रिलेशनशिप’ या शब्दाचे शेपूट तेवढे उरले आहे. नव्वदच्या दशकात ‘द एक्स-फाइल्स’ या अमेरिकी मालिकेतल्या मल्डर आणि स्कलीने एकत्र यावे म्हणून हट्ट धरणाऱ्या चाहत्यांपासून तो शब्द रुळला. शब्द नवा, खोड जुनी. ‘तुझ्यात जीव रंगला’ मालिकेतले राणादा आणि पाठकबाई खरेच एकमेकांचे व्हावेत, असे महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांना वाटत होते. डिसेंबर 2022 मध्ये त्या भूमिका करणारे कलाकार प्रत्यक्षात विवाहबद्ध झाले, तेव्हा घरचे कार्य पार पडल्यासारखा आनंद अनेकांना झाला.

आपल्या रंगभूमीवर चाहत्यांनी सर्वांत मोठा ध्यास घेतला तो 8 जुलै 1921 च्या ‘संयुक्त मानापमान’चा. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे प्रमुख नट टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईच्या बालीवाला थिएटरात एकत्र उभे राहिले. नायक धैर्यधर होते केशवराव भोसले आणि नायिका भामिनी होते बालगंधर्व. ज्या जोडीसाठी रसिकांनी जिवाचे रान केले, ती दोन पुरुषांची होती. त्यांच्या खासगी आयुष्याविषयी यातून काहीही सिद्ध होत नाही आणि करूही नये. सिद्ध होते ते प्रेक्षकाविषयी. समोर कोण उभे आहे हे पक्के ठाऊक असूनही त्या दोघांमधले प्रेम त्याला खरे वाटले होते.

झाडीतल्या खडी गंमतीने हीच किमया गावच्या चौकात केली. डफ-तुणतुण्याच्या साथीने शाहीर उभा राहायचा आणि त्याच्याबरोबर लुगडे नेसलेला पोऱ्या. ‘पोट्टा आहे की पोट्टी?’ ही कुजबुज पहिल्या गाण्यापुरती. मग रात्रभर तो रुसे, लाजे, शाहिराला बोल लावे, आणि समोरची म्हातारी त्याच्या दुःखाने डोळे पुसे. पहाटे मात्र तोच पोऱ्या बोअरिंगवर तोंडाचा रंग धुताना दिसला की टोळक्यातून शीळ यायची. रात्री टाळी, सकाळी टवाळी. स्त्रीभूमिका करणारा प्रत्येक कलावंत समलिंगी किंवा तृतीयपंथी असतो, असे मानणे चूकच. पण जो कोणी वेगळा होता, त्याला गावात असण्याची मुभा तेवढ्या चार-पाच तासांची होती. आनंद यादवांच्या कादंबरीवर बेतलेल्या ‘नटरंग’ चित्रपटातल्या, नाच्या झालेल्या गुणाने 2010 मध्ये हे दुःख अवघ्या महाराष्ट्रासमोर आणले. त्याची अवहेलना झाली ती फडावरच्या कामामुळे, पण फडाबाहेर.

दूरचित्रवाणीवर समलिंगी पात्रे दाखवावीत की नाही, या आजच्या वादाकडे याच पहाटेच्या बाजूने बघायला हवे. पडद्यावर दिसणे हा प्रश्न आता अर्धाच उरला आहे. साडी नेसलेला पुरुष विनोदी कार्यक्रमांत दर आठवड्याला दिसतो. हातवारे करणारा, लचकत चालणारा फॅशन डिझायनर हिंदी मालिकांना अनेक वर्षे पुरला. 2010 च्या ‘मर्यादा: लेकिन कब तक?’ या मालिकेने घराण्याच्या अब्रूपायी आपला कल लपवणारा नवरा दाखवण्याचे धाडस केले, पण तशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकी. दिसणाऱ्या पात्राला पुढे काय मिळते, हा खरा प्रश्न आहे. हसे, शिक्षा किंवा मरण, याखेरीज चौथे काही त्याच्या वाट्याला येते का?

मराठीत हा विषय उशिरा आला, असे म्हणता येणार नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगमंचावर आले आणि रोहिणी हट्टंगडींनी मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा, म्हणजेच मित्रा, उभी केली. पुढच्याच वर्षी जब्बार पटेलांच्या ‘उंबरठा’ चित्रपटात महिलाश्रमातल्या दोघींच्या नात्याचा प्रसंग आला. तेंडुलकरांची मित्रा मात्र जगत नाही. तो लेखकाचा कमकुवतपणा नव्हता. त्या काळाने तिच्यासाठी दुसरी वाटच ठेवली नव्हती. ‘मित्राची गोष्ट’नंतर सतरा वर्षांनी, डिसेंबर 1998 मध्ये, दोन स्त्रियांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ चित्रपटावरून मुंबईतल्या चित्रपटगृहांची शिवसैनिकांनी तोडफोड केली. तेही त्याच काळाचे उत्तर होते.

मित्रासारखेच मरण अमेरिकेतल्या चाहत्यांनी 2016 च्या मार्चमध्ये पाहिले. ‘द हंड्रेड’ मालिकेतली लेक्सा आणि क्लार्क या दोघी अखेर एकत्र आल्या आणि त्याच भागात चुकून लागलेल्या गोळीने लेक्सा मेली. ही जोडी जपा, तुम्हाला ती बघायला मिळेल, असे भासवून निर्मात्यांनी प्रेक्षकांना धरून ठेवले आणि मग हात झटकले, असा चाहत्यांचा आरोप होता. संतापलेल्या त्या मुलामुलींनी आत्महत्या रोखण्यासाठी काम करणाऱ्या ‘ट्रेव्हर प्रोजेक्ट’साठी मोठा निधी जमवला. पडद्यावरचे मरण बघून घराघरांतली खरी मुले खचतील, ही काळजी मालिका लिहिणाऱ्यांच्या आधी बघणाऱ्यांना वाटली.

चाहत्यांचे सगळेच बरोबर असते असे नाही. पात्रांच्या जोड्या जुळवता जुळवता काही जण कलाकारांच्या घरात डोकावतात, त्यांच्या जोडीदारांना शिव्या घालतात. हा उघड जाच आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. दोन मित्र दिसले की त्यांना प्रेमी ठरवायचे, दोन मैत्रिणी दिसल्या की तेच. मग निखळ मैत्रीला जागा कुठे? दोस्तीसाठी जीव टाकणाऱ्या आपल्या समाजाला हा आक्षेप लगेच पटतो आणि तो ऐकून घेतलाच पाहिजे. पण ज्याला आपल्यासारखी जोडी कोणत्याही वाहिनीवर सापडत नाही, तो ती दुसऱ्यांच्या मैत्रीत शोधणार, याला इलाज नाही. सत्तरच्या दशकात ‘स्टार ट्रेक’च्या कर्क आणि स्पॉक यांच्या नावांमध्ये तिरकी रेघ ओढून गोष्टी लिहिल्या गेल्या, त्या अशाच अभावातून. प्रेमाच्या गोष्टी सरळ नावानिशी सांगितल्या, तर मैत्रीच्या गोष्टींवरचे हे ओझे आपोआप उतरेल. ‘मैत्री वाचवा’ म्हणणाऱ्यांनी खरे तर समलिंगी पात्रांची मागणी सर्वांत आधी करायला हवी.

तिसरा आक्षेप घराचा. मालिका सगळे कुटुंब एकत्र बसून बघते, तिथे हे कशाला? पण त्या कुटुंबात तो मुलगा किंवा ती मुलगीही बसलेली असते. आमगाव-सालेकशाच्या एखाद्या घरात आजी मालिका बघत असते आणि शेजारी खाली मान घातलेला नातू कानात इअरफोन घालून थायलंडची मालिका बघतो, त्यात दोन मुले एकमेकांवर प्रेम करतात. त्या थायलंडने 23 जानेवारी 2025 पासून अशा जोड्यांना विवाहाचा हक्क दिला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. 17 ऑक्टोबर 2023 ला मात्र विवाहाचा निर्णय संसदेवर सोपवला. म्हणजे कायद्यानेही रात्रीची परवानगी दिली आहे, सकाळची अजून नाही. मदतीचा हात शोधायचा तर ‘सारथी ट्रस्ट’सारखी संस्था नागपुरात, गोंदियाहूनच रेल्वेने सुमारे 130 किलोमीटरवर. दूरचित्रवाणी संच मात्र घरातच, आजीच्या डोळ्यांसमोर.

सकाळ दाखवता येते, हे एका मराठी चित्रपटाने सिद्ध केले. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले आणि त्याच वर्षी 19 सप्टेंबरला तो आपल्याकडे प्रदर्शित झाला. वडिलांच्या सुतकाचे दहा दिवस पाळायला गावी आलेला आनंद आणि शेतीत राबणारा त्याचा बालमित्र बाळ्या. शेळ्या, सुतकाचे नियम, नातेवाइकांचे ‘लग्न कधी?’ आणि या सगळ्यांत हळूहळू मुरणारी माया. कोणाला मारलेले नाही, कोणाला हास्यास्पद केलेले नाही. गावगाडा जसा आहे तसा ठेवून त्यात दोघांना बसायला जागा करून दिली आहे. मालिका लिहिणाऱ्यांनी एवढेच उचलले तरी पुष्कळ. अशा जोडीला मोठी भाषणे नकोत, इंद्रधनुषी सजावट नको. किराणा कोणी आणायचा यावरचे भांडण द्या, आजारी सासऱ्याची रात्रपाळी द्या, शेजारणीचा खोचक प्रश्न आणि त्यावरचे उत्तर द्या. मालिकांचे दळण एरवी याच जिनसांवर चालते.

आणि प्रेक्षकाची तयारी? त्याविषयी वाहिन्यांना वाटते तितकी चिंता नसावी. केशवराव-बालगंधर्वांना डोक्यावर घेणारा आणि खडी गंमतीतल्या पोऱ्यासाठी डोळे पुसणारा प्रेक्षक याच मातीतला आहे. त्याची नजर रात्री कधीच कोती नव्हती. यंदाच्या मंडईत पडदा पडेल, दव पडलेल्या सतरंज्या गोळा होतील, टपरीवर पहिल्या चहाचे आधण चढेल. बोअरिंगवर कोणी तोंडाचा रंग धूत असेल, तर त्याच्यासाठीही एक कप सांगावा.