चित्रातल्या बाईला डावात काम काय?

सौंदर्याबद्दल बोलायला आपण चळवळीतल्या बायका जरा कचरतो. दारू, पोटगी, रेशन हे प्रश्न दारात उभे असताना खेळावरच्या चित्रांचं कौतुक कसलं करायचं, असं वाटतं. पण लांज्यासारख्या तालुक्याच्या गावातही मुलीच्या हातात पहिलं रंगीत चित्र येतं ते पुष्कळदा खेळातूनच. आधी सापशिडी, मग पत्ते, आता मोबाइल. कोण कुणाला मारतं, कुणाचा मान मोठा, हे ती तिथं कुणी न शिकवता शिकते. म्हणून खेळाचं चित्र सुंदर कशामुळे होतं, हा प्रश्न मला फावल्या वेळचा वाटत नाही.

पिनबॉलचं यंत्र आपल्यापैकी कितीजणींनी पाहिलं असेल? नाणं टाकायचं, मग काचेखालच्या उतरत्या टेबलावर पोलादी गोळी धावते आणि खेळणारा बटणं दाबून छोट्या पट्ट्यांनी ती पुन्हा वर उडवतो. अशा पट्ट्या पहिल्यांदा आल्या त्या १९४७ साली, अमेरिकेतल्या गॉटलीब कंपनीच्या ‘हम्टी डम्टी’ या यंत्रावर. या यंत्रावर चित्र दोन जागी असतं. एक समोरच्या उभ्या काचेवर. तिच्यामागे दिवे लागतात आणि ती लांबून गिऱ्हाईक बोलावते. दुसरं खालच्या पटावर, जिथं गोळी धावते. कुठं मारलं तर किती गुण, कुठली वाट मोकळी, हे तिथले रंग आणि बाण सांगतात. खेळणाऱ्याला वाचत बसायला सवड नसते, नजर पडताच कळलं पाहिजे. माझ्या मते या कलेचं खरं सौंदर्य या पटावर आहे. तिथली एकही रेघ रिकामी बसलेली नसते.

उभ्या काचेवर मात्र कित्येक वर्षं तोकड्या कपड्यांतल्या हसऱ्या बायका रंगवल्या गेल्या. रंगवणारे कसबी होते, हे मी नाकारत नाही. गॉटलीबसाठी काम करणाऱ्या रॉय पार्कर यांची चित्रं आजही रसिक जपतात. पण त्या बाईला डावात काय काम? बहुतेक वेळा काहीच नाही. नाणं पडलं की तिचं काम संपलं.

अशा चित्रांविरुद्ध आपण पूर्वी लढलो. पोस्टरांना काळं फासलं. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी करणारा कायदा १९८६ साली झाला. ती लढाई योग्यच होती. पण त्यातून आपल्या हातात एकच मोजपट्टी उरली: अंगावर कपडे किती? ही मोजपट्टी अपुरी आहे. डोईवर पदर घेतलेली नऊवारीतली बाईसुद्धा नुसती शोभेला उभी केली, तर तीही उभ्या काचेवरचीच बाई.

आता आपल्या कोकणात या. लांज्याहून महामार्गानं दक्षिणेला गेलं की सावंतवाडी. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत ती आपल्याच जिल्ह्यात होती. तिथल्या चिताऱ्यांच्या गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले, लाखेचा लेप दिलेले गोल पत्ते. दशावतारी संचात १२० पानं, दहा रंग, प्रत्येक रंगाचा राजा, प्रधान आणि एक ते दहा. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवं, परशुरामाच्या पानांवर परशू. प्रत्येक रंगाची जमीन वेगळी. तीनजण खेळायला बसले की प्रत्येकाच्या हातात चाळीस पानं येतात. पाच रंगांत दश्शी मोठी, उरलेल्या पाचांत एक्का मोठा. एवढं सगळं ध्यानात ठेवताना डोळ्याला आधार असतो तो जमिनीच्या रंगाचा आणि त्या इवल्या माशा-कासवांचा. इथंही तेच: जे चित्र डावाला उपयोगी पडतं, ते सुंदर.

पण या १२० पानांत राणी नाही. रामाशेजारी सीता रंगवलेली असली तरी पान रामाचं. तिच्या नावावर एकही हात होत नाही.

कुणी म्हणेल, परंपराच तशी आहे, तिथं ढवळाढवळ नको. परंपरेचाच दाखला देते. ‘ऐन-ई-अकबरी’त अकबराच्या दरबारातल्या बारा रंगांच्या गंजिफाचं वर्णन आहे. त्यातला एक रंग बायकांचा होता. सिंहासनावर राणी, आणि तिची वजीरही बाईच. ते सोळावं शतक होतं. त्या राणीचं पान पडलं की समोरच्याला हात सोडावा लागत असणार, ती कितीही नाजूक रंगवलेली असो.

सावंतवाडीत ही कला संपत आली होती. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ती पुन्हा उभी केली. सत्त्वशीलादेवी स्वतः हातात ब्रश घेऊन ती शिकल्या. २०१८ साली त्या गेल्या. २०२४ साली या गंजिफांना भौगोलिक मानांकनही मिळालं. आनंद आहे. पण आज हे संच भेट म्हणून दिले जातात, काचेच्या कपाटात मांडले जातात. खेळणारे फार थोडे. खेळ सुटला की पत्त्यावरचं चित्रही नुसतं शोभेचं होतं. मग मासा दिसतो, पण त्याचं मोल कळत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. जिथं मुलींना आणि बायांना गंजिफा रंगवायला शिकवलं जातं, तिथं त्यांना तो डावही शिकवा. जी खेळेल तिला आपोआप कळेल, कुठली रेघ हवी आणि कुठली नको. तिच्या कामाला रास्त दाम द्या आणि संचावर तिचं नाव घाला. आणि दहा अवतारांच्या जोडीला बायकांचा एक रंग पुन्हा रंगवून पाहा.

मैत्रिणींनो, यापुढे कुठलंही खेळाचं चित्र समोर आलं, मुलीच्या मोबाइलवरचं असो की जत्रेतल्या पाळण्याच्या फळीवरचं, तर कपडे मोजण्याआधी विचारू या: हिला इथं काम काय? डाव जिंकायला, हरायला, पान टाकायला ती आहे, की फक्त बोलावायला?