मंडळ भरतं, तेव्हा एसटी निघून गेलेली असते

जून उजाडला, शाळा सुरू झाल्या की हायस्कूलच्या फलकावर एक यादी लागते. मराठी वाङ्मय मंडळ, सांस्कृतिक मंडळ, विज्ञान मंडळ, हरित सेना आणि अलीकडे व्यवसाय मार्गदर्शन कक्ष. प्रत्येकापुढे एका सरांचं नाहीतर बाईंचं नाव. मग एखाद्या पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन, डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन, २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन आणि दहावीच्या निरोप समारंभाला लागून करिअरवर एक व्याख्यान. अहवालात चार फोटो चिकटले की वर्ष संपलं. मैत्रिणींनो, आपल्या वेळीही हे थोड्याफार फरकाने असंच होतं, नाही का?

शहरातल्या मुलीचं यात फारसं बिघडत नाही. तिला वाचनालय असतं, क्लास असतो, शेजारी कुणाची ताई नोकरीला असते. महाड-पोलादपूरच्या आतल्या वाड्यांतल्या मुलीला मात्र शाळेबाहेर असं काहीच नसतं. घरातले पुरुष मुंबईला, घरी आई, आजी आणि लहान भावंडं. चारचौघांत उभं राहून बोलायला, प्रश्न विचारायला, 'पुढे काय?' याचा विचार करायला तिला मिळाली तर शाळेतल्या मंडळातलीच जागा मिळणार. म्हणून ही मंडळं कागदावर राहिली की सगळ्यात जास्त नुकसान तिचं होतं.

तळीयेचं नाव घेतलं की आजही पोटात कालवतं. २२ जुलै २०२१ला दरड कोसळली आणि तिथली कोंढाळकरवाडी गाडली गेली. ऐंशीहून अधिक माणसं गेली. महाबळेश्वरला त्या दिवशी चोवीस तासांत सहाशे मिलिमीटरच्या जवळपास पाऊस पडला होता. सावित्री तिथूनच उगम पावते, तेव्हा महाड शहर पाण्यात आणि रस्ते बंद. मदत पोचायलाच दुसरा दिवस उजाडला. वाचलेल्यांनी पुढचा काळ कंटेनरच्या घरांत काढला.

शाळेतल्या मंडळांशी याचा काय संबंध, असं कुणी विचारेल. मला तर फार जवळचा वाटतो. त्या आठवड्यात त्या डोंगरात कोण कोण आलं ते आठवून बघा. आपत्ती दलाचे जवान, डॉक्टर, नर्स, भूवैज्ञानिक, तलाठी, तहसीलदार, जेसीबी चालवणारे, वार्ताहर, पुढे घरं बांधायला इंजिनीअर. एरवी मोठ्या शहरातल्या 'करिअर मेळाव्या'तही एवढे व्यवसाय एकत्र दिसत नाहीत. आठवी-नववीच्या मुलींनी ही माणसं कामात गढलेली पाहिली. पण 'मला हे व्हायचं असेल तर दहावीनंतर काय घ्यायचं?' हे त्यांनी विचारायचं कुणाला?

आपल्या राज्यात २०१६ साली दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली. पुढे ती मोबाइलवरही आली आणि काही वर्षांनी बंद पडली. कल्पना वाईट नव्हती. पण मुलीच्या हातात कागद येतो, त्यावर 'आरोग्य' किंवा 'गणवेशधारी सेवा' असं लिहिलेलं असतं, आणि पुढचं कोण सांगणार? जिने नर्सिंग कॉलेज कधी पाहिलं नाही तिला त्या शब्दाचा उपयोग किती? त्यापेक्षा बिरवाडीजवळच्या एमआयडीसीत रसायनांची तपासणी करणारी एखादी मुलगी वर्गात येऊन तासभर बोलली, तर ते जास्त लक्षात राहील. लोणेऱ्याला बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाचं तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. महाडपासून ते लांब नाही. तिथली प्रयोगशाळा एकदा डोळ्यांनी बघून येणं कुठल्याही भाषणापेक्षा मोलाचं आहे.

आता मराठी मंडळाचं बघू. कवितावाचन, हस्ताक्षर स्पर्धा, निबंध हे सगळं हवंच. पण दरडीनंतर गावागावांतल्या बायकांना कुठले शब्द भेटले? पंचनामा, वारसनोंद, सानुग्रह अनुदान, हमीपत्र. मराठीच की! तरी कळत नाही. मग अर्ज लिहायला कुणाला तरी गाठायचं, तो सांगेल तिथे सही करायची. नववीतल्या मुलीला साधा, मुद्देसूद अर्ज लिहिता आला, सातबारा वाचता आला, ग्रामसभेत दोन वाक्यं न अडखळता बोलता आली, तर घरातल्या चार बायकांची अडचण दूर होते. ऑक्टोबर २०२४मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आनंदच आहे. त्या अभिजात भाषेत रेशनकार्डातल्या दुरुस्तीचा अर्जही आपल्या पोरींना लिहिता यायला हवा. वाङ्मय मंडळाने महिन्यातून एक बैठक यासाठी ठेवली, तर वाङ्मयाचा काही अपमान होणार नाही.

सांस्कृतिक मंडळाबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. स्नेहसंमेलन म्हणजे सिनेमातल्या गाण्यावर नाच, असं आता ठरूनच गेलंय. नाचाला माझा विरोध नाही, पोरींना हौस असते. पण याच भागात गौरीची गाणी आहेत, शिमग्याचा खालूबाजा आहे. पोलादपूर तालुक्यातलं उमरठ तानाजी मालुसऱ्यांचं गाव. महाडला १९२७च्या मार्चमध्ये चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. त्याच वर्षीच्या डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी महाडमध्ये खास स्त्रियांसमोर भाषण केलं. आपल्याच तालुक्यातला हा स्त्रियांचा इतिहास किती मुलींना ठाऊक असेल?

आणि आजीच्या ओव्या? घाटावर मुळशी, मावळ भागात हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली. पुढे ते काम राज्यभर पसरलं आणि साठा एक लाखाच्या वर गेला. 'पारी' या संकेतस्थळावर २०१७पासून त्या ऐकायला मिळतात. हे झालं ते कुणीतरी बायकांजवळ बसून, विचारून, लिहून घेतलं म्हणून. आपल्याकडच्या आजीजवळ बसायला नात आहेच. तिला वही द्यायची आणि लिहून आणलेलं शाळेत वाचायला वेळ द्यायचा. दरडीखाली घराबरोबर गाणीही जातात, हे या भागाला वेगळं सांगायला नको.

याला खूप पैसा लागतो असंही नाही. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं दैनिक काढत. छापखाना नाही, अनुदान नाही. त्यांचं राष्ट्रीय स्मारक आपल्या रायगडातच, माणगाव तालुक्यात वडघरला आहे आणि तिथे मुलांची शिबिरं भरतात. सहल न्यायचीच असेल, तर एखादी तिकडेही नेता येईल.

सरांना, बाईंना दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. त्यांच्यामागे निवडणुका, सर्वेक्षणं आणि ऑनलाइन माहिती भरण्याचं लचांड असतं, त्यात मंडळ शेवटी राहतं. पण एक गोष्ट शाळेच्या हातात आहे, ती म्हणजे वेळ. मंडळ भरतं शाळा सुटल्यावर. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून एसटीचा पास मोफत मिळतो. पण पास असून काय करणार? वाडीकडे जाणारी गाडी सुटली की पावसाळ्यात अंधारातून चालत जायचं. कुठली आई 'थांब गं तू मंडळाला' म्हणेल? मग मंडळाला उरतात ती शाळेजवळ राहणारी मुलं. वक्ते तेच, सूत्रसंचालक तेच, बक्षिसंही त्यांनाच. लांबून येणारी मुलगी 'भाग घेत नाही' म्हणून प्रगतिपुस्तकात शेरा.

तेव्हा पालक-शिक्षक सभेला गेलात, तर गणिताच्या मार्कांबरोबर हेही विचारा, की मंडळ वेळापत्रकातच, शनिवारी सकाळच्या शाळेत का भरू नये? दोन तासिका जोडल्या की काम होतं. व्यवसाय मार्गदर्शनाची बैठक दहावीच्या तोंडावर न ठेवता आठवीपासून का नको? त्या बैठकीला आयांनाही बोलवा, कारण पोरीचं पुढचं शिक्षण घरातच अडतं. आणि वेळापत्रक बदलणारच नसेल, तर वाङ्मय मंडळाच्या मुलींनी पहिला अर्ज एसटीच्या आगार व्यवस्थापकांना लिहावा. संध्याकाळची गाडी मंडळाच्या दिवशी अर्धा तास उशिरा सोडावी, एवढाच. खाली सगळ्यांच्या सह्या, मुलींच्याही आणि आयांच्याही.