बांबूचं बेट मेल्यावर या पक्ष्यानं जायचं कुठं?

आग्नेय ब्राझील आणि त्याला लागून असलेला अर्जेंटिनाचा मिसियोनेस प्रांत. पांढऱ्या दाढीचा अँटश्राइक एवढ्याच टापूत राहतो. आकारानं आपल्या बुलबुलाहून जरा लहान. नराच्या डोक्यावर काळी टोपी, छातीही काळी, मध्ये घशापासून मानेवर गेलेला पांढराशुभ्र पट्टा आणि बाकी अंग तांबूस तपकिरी. बायाटास या प्रजातीत ही एकच जाती आहे. जागतिक लाल यादीत तिची नोंद ‘असुरक्षित’ अशी आहे.

हा पक्षी बांबूचा. बांबूच्या दाट जाळीत फिरून किडे टिपायचे, हाच त्याचा संसार. अडचण इथंच आहे. तिथल्या ग्वादुआ बांबूच्या काही जातींना तीसेक वर्षांनी एकदम फुलोरा येतो आणि बेटंच्या बेटं वाळून जातात. फुलोऱ्यानंतर बांबू मरतो, हे कोकणात किंवा गडचिरोलीत कुणाला समजावून सांगायला नको. पूर्वी अशा वेळी पक्षी जंगलातल्या जंगलात सरकून दुसरं बेट गाठायचा. आता वाटेत ऊस, कॉफी, निलगिरी, पाइन, गुरांची कुरणं आणि शहरं आहेत. या टापूतल्या अटलांटिक जंगलाचा जुना, भरीव भाग मूळच्या साधारण १२ टक्केच उरला आहे, तोही तुकड्यातुकड्यांत. दाट जाळीतला पक्षी असं उघडं रान सहसा ओलांडत नाही.

म्हणून नुसत्या अभयारण्यांवर समाधान मानून चालणार नाही. इतातियाया हे ब्राझीलचं पहिलं राष्ट्रीय उद्यान १९३७ सालचं, अर्जेंटिनाचं इग्वासू १९३४ सालचं. दोन्ही मोलाची आहेत. पण उद्यानातला बांबू एकदम वाळला तर शेजारच्या जंगलापर्यंत पोचायला हिरवी वाट हवी. मिसियोनेसनं १९९९ साली हरित पट्ट्याचा कायदा केला, तो याच दिशेचा. असे पट्टे वाढले पाहिजेत, आणि बांबूला माजलेलं तण समजून तोडणं थांबलं पाहिजे.

आपण काय करायचं? ब्राझीलमध्ये ‘सेव्ह ब्राझील’ आणि अर्जेंटिनात ‘आवेस आर्जेंतिनास’ या संस्था काम करतात. दोन्ही बर्डलाइफ इंटरनॅशनलच्या सहयोगी आहेत. परदेशातल्या मराठी मंडळींनी त्यांना वर्गणी जरूर द्यावी, आणि जंगलाचे तुटलेले तुकडे जोडण्याच्या कामाबद्दल आवर्जून विचारावं. इग्वासूचा धबधबा पाहायला जाणाऱ्यांनी एक सकाळ स्थानिक पक्षी-वाटाड्याला द्यावी. जंगल उभं राहिलं तर वाटाड्याचं पोट भरतं, हे गावाला दिसू द्या. पक्षी बाहेर यावा म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज पुन्हा पुन्हा वाजवू नका. आणि ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद करताना पक्ष्याच्या नावाशेजारी बांबूची अवस्थाही लिहा: हिरवा, फुललेला की वाळलेला.