जमीन गेली, ‘पॅटर्न’ उरला

डिसेंबर २०१७ मध्ये मुळशी तालुक्यातील भूगाव येथे ‘महाराष्ट्र केसरी’चा आखाडा भरला आणि अभिजित कटके याने किरण भगतला नमवून मानाची गदा उंचावली. त्यानंतर वर्षही उलटले नव्हते, तोच २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ प्रदर्शित झाला. गदेने दिलेली ओळख चार दिवसांची ठरली. कोयत्याची ओळख मात्र तालुक्याच्या कपाळी चिकटली ती कायमचीच. दोष कुणाचा? चित्रपटाचा, असे म्हणून अनेक सुजाण मंडळी मोकळी होतात. उत्तर सोयीचे आहे. म्हणूनच ते तपासले पाहिजे.

या चित्रपटाचा गाभा कोयता उगारणाऱ्या राहुलमध्ये नाही. मोहन जोशी यांनी उभ्या केलेल्या त्याच्या बापात आहे. जमीन विकून बसलेला आणि अखेर हमालीवर आलेला हा शेतकरी म्हणजे पुण्याच्या वेशीवरील गावांची कहाणी आहे. विसार हाती पडतो, साठेखत होते, खरेदीखत होते आणि सातबाऱ्यावरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे नाव पुसले जाते. बंगला, गाडी आणि लग्नाचा बडेजाव यांत पैसा विरतो. मुलाच्या हाती ना नांगर उरतो, ना विद्या. अशा रिकाम्या हातांत शस्त्र ठेवणारा ‘भाई’ शोधावा लागत नाही. हे सत्य सांगितले, हा काही तरडे यांचा अपराध नव्हे.

तथापि, चित्रपटालाही जाब विचारलाच पाहिजे. गुन्हेगाराचा अंत दाखवायचा, पण तोवर त्याची ऐट ठेक्यात मिरवायची, ही चाल आत्मघातकी आहे. बापाचे अश्रू चित्रपटगृहातच राहिले. वरातींत पोहोचले ते गाणे. २०२१ साली आलेल्या ‘अंतिम’ या हिंदी अवतारात तर सलमान खानच्या पोलीस अधिकाऱ्याने पडदा व्यापला आणि सातबारा आणखी मागे पडला.

वृत्तवाहिन्यांनी त्यावर कळस चढवला. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडमध्ये एका टोळीप्रमुखाची भरदिवसा हत्या झाली. अटक झालेल्यांत त्याच्याच सोबत वावरणारे होते. चर्चा रंगली ती टोळ्यांच्या वंशावळीची. जमिनीच्या व्यवहारांतून दलाली आणि दहशत कशी पोसली जाते, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. राजकारणाविषयी काय बोलावे? वाढदिवसाच्या फलकावर ज्याची छबी नेत्याशेजारी झळकते, त्याला पोलिसांचे भय का वाटावे? या बाबतीत आपला पक्ष आणि परका पक्ष असा भेद करणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय.

याच मुळशीने १९२१ च्या रामनवमीला सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह आरंभला होता. ‘जान किंवा जमीन’ ही त्याची घोषणा होती. तेव्हा जमीन बळाने घेतली गेली, म्हणून मावळा पेटून उठला. आज ती सहीने जाते, म्हणून कुणी उठत नाही. शेतकऱ्याने जमीन विकूच नये, असे शहरातल्या सदनिकेत बसून सांगणे हा दांभिकपणा ठरेल. कोथरूड, बावधन, भूगाव येथील मध्यमवर्गीयांची घरे कुणाच्या तरी शेतावरच उभी आहेत. मग त्या शेताच्या धन्याचा मुलगा आज काय करतो, हे विचारण्याचे ऋणही त्या घरांवर आहेच. त्याला व्यवहाराचा योग्य सल्ला, कौशल्याचे शिक्षण आणि भरलेली तालीम द्यायला शासनाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्याच्या गावात वसाहत करायची आणि त्याला मात्र ‘पॅटर्न’ म्हणून हिणवायचे, हे सुसंस्कृतपणाचे लक्षण नव्हे.

भूगावने गदा पाहिली आहे आणि कोयत्याची बदनामीही सोसली आहे. पुढच्या पिढीच्या हाती यांतले काय द्यायचे, हा निर्णय चित्रपट घेणार नाही. तो समाजालाच घ्यावा लागेल.