रजा कागदावर, वर्ग कोणाकडे?

राज्याने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण सेवेत १८० दिवसांची रजा मंजूर केली. केंद्राच्या सेवेत ही रजा ७३० दिवसांची आहे. तो फरक तूर्त बाजूला ठेवू. पण जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेतल्या बाईंना हे १८० दिवस तरी मागता येतात का? त्यांनी रजा टाकली की पहिली ते चौथीचे चारही वर्ग दुसऱ्या शिक्षकाच्या गळ्यात पडतात. म्हणून तापाने फणफणलेले लेकरू सासूबाईंच्या नाहीतर शेजारणीच्या हवाली करून बाई एसटी गाठतात. अर्ज नामंजूर व्हायची वेळच येत नाही, कारण तो लिहिलाच जात नाही.

शाळा सुटते, काम सुटत नाही. पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि ऐन स्वयंपाकाच्या वेळी व्हॉट्सॲपवर येऊन आदळणारे ‘तातडीने पाठवा’. (तातडी नेमकी कोणाला असते, हे गुलदस्त्यातच.) शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे मान्य केली आहेत. प्रत्यक्षात निवडणुकीच्या नावाखाली मतदार याद्या घेऊन दारोदार फिरणेही येते, तेही बहुधा सुट्टीच्या दिवशी.

शाळांच्या प्रत्येक समूह केंद्रात रजेच्या काळापुरता एक राखीव शिक्षक नेमायला खर्च येईल, हे मान्य. संध्याकाळनंतर माहिती मागू नये, एवढे परिपत्रक काढायला मात्र छदामही लागत नाही.