यंत्रे आली, प्राणवायूचे काय?

एप्रिल २०२१ मधील नागपूर ज्यांनी पाहिले, त्यांना प्राणवायूची टंचाई म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. मेडिकल आणि मेयो ही दोन्ही शासकीय रुग्णालये तुडुंब भरली होती. विशाखापट्टणमहून द्रवरूप प्राणवायू घेऊन निघालेली रेल्वेगाडी २३ एप्रिलला येथे पोचली. तीन टँकर उतरवून घेऊन ती नाशिककडे गेली. भिलाईच्या पोलाद कारखान्यातून येणाऱ्या पुरवठ्यासाठी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला लक्ष घालावे लागले. त्या दिवसांची चर्चा मात्र अजूनही ‘व्हेंटिलेटर किती होते?’ या एकाच प्रश्नाभोवती फिरत असते. हा प्रश्न अपुरा आहे.

विषाणूजन्य न्यूमोनियाने फुप्फुसे निकामी होऊ लागली की घशातून नळी घालून कृत्रिम श्वसन देणे हा अखेरचा उपाय असतो. त्याच्या अलीकडची एक पायरी आहे. सीपॅप हे यंत्र घट्ट मुखवट्यातून सतत एकसारख्या दाबाने हवा देते व त्या दाबाने मिटू पाहणारे वायुकोश उघडे राहतात. बायपॅपमध्ये श्वास घेताना दाब अधिक, सोडताना कमी असतो. तिसरा मार्ग ‘हाय फ्लो’चा, त्यात ऊबदार, दमट प्राणवायू नाकपुड्यांतून मिनिटाला ६० लिटरपर्यंत सोडतात. तिन्हींत रुग्ण शुद्धीवर असतो आणि नळीबरोबर येणारे संसर्ग बरेचसे टळतात.

आता हिशेब पाहू. मोठ्या सिलिंडरमध्ये सुमारे ७,००० लिटर प्राणवायू मावतो. साध्या नळीने मिनिटाला ५ लिटर दिल्यास तो २३ तास पुरतो; ‘हाय फ्लो’वर शुद्ध प्राणवायू ६० लिटरच्या वेगाने सोडल्यास दोन तासही पुरत नाही. म्हणजे एका खाटेवर बारा रुग्णांचा वाटा खर्च होतो. अर्थशास्त्राच्या वर्गात आम्ही ज्याला ‘संधी खर्च’ म्हणतो, त्याचे याहून कठोर उदाहरण मला तरी ठाऊक नाही. मिनिटाला १,००० लिटर प्राणवायू हवेतून वेगळा काढणारा प्रकल्प कागदावर मोठा दिसतो. पूर्ण वेगाच्या ‘हाय फ्लो’चे जेमतेम सोळा रुग्ण त्यावर निभावतात.

आणि एवढा खर्च करून मिळते काय? ब्रिटनमधील ‘रिकव्हरी-आरएस’ या चाचणीचे निष्कर्ष जानेवारी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. १,२७३ कोविड रुग्णांच्या या चाचणीत सीपॅप दिलेल्यांपैकी सुमारे ३६ टक्के रुग्णांना तीस दिवसांच्या आत नळी घालावी लागली किंवा मृत्यू आला. साध्या प्राणवायूवरील रुग्णांत हे प्रमाण ४४ टक्के होते. ‘हाय फ्लो’मुळे मात्र साध्या प्राणवायूच्या तुलनेत लक्षणीय फरक आढळला नाही. एका चाचणीवरून ‘हाय फ्लो’ टाकाऊ ठरत नाही. मुखवटा सहन न होणारे रुग्ण असतातच. परंतु पुरवठा तुटपुंजा असताना आधी काय घ्यावे, याचे उत्तर त्यात पुरेसे स्पष्ट आहे.

तथापि सीपॅप घेऊन भिंतीशी उभे केले म्हणजे काम संपत नाही. मुखवटा नाकावर रुततो, कातडी सोलते, घसा कोरडा पडतो. घाबरलेला रुग्ण तो ओढून काढतो. रुग्ण थकत चालला आहे आणि आता नळी टाळणे धोक्याचे आहे, हे वेळेत ओळखणारी नजर खाटेजवळ रात्री तीन वाजताही हवी. ही नजर परिचारिकेची असते. साथीत कंत्राटावर घेतलेल्या परिचारिकांना लाट ओसरताच घरी पाठवण्यात आले. यंत्र हा भांडवली खर्च, त्याचे उद्घाटन होते, छायाचित्र छापून येते. परिचारिकेचा पगार हा महसुली खर्च, तो दर महिन्याला द्यावा लागतो. आपल्या नियोजनातील हा जुनाच दोष आहे. देखभालीचेही तेच. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या महापालिका रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागली आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. तेथे टाकीही होती, टाकीत प्राणवायूही होता.

गडचिरोलीचा रुग्ण दीडशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून मेडिकलला पोचतो, तोवर मुखवट्याची वेळ अनेकदा टळून गेलेली असते. म्हणून ही सोय जिल्हा व उपजिल्हा रुग्णालयांत हवी, तीही कायम नेमलेल्या, प्रशिक्षित माणसांसह. हिवाळी अधिवेशनासाठी नागपुरात येणाऱ्या विदर्भातील आमदारांनी यंत्रांची संख्या विचारू नये. आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात सर्व खाटा भरल्यास प्राणवायू किती तास पुरेल, प्रकल्प शेवटचा पूर्ण भाराने कधी चालवून पाहिला आणि रात्रपाळीला किती परिचारिका असतात, एवढेच विचारावे.