नेट गेलं म्हणजे नक्की काय गेलं?

"नेट गेलं" हे दोन शब्द मला अलीकडे फार खटकतात. पोट दुखतंय म्हटलं तर डॉक्टर आधी विचारतो, कुठे दुखतंय, कधीपासून, जेवल्यावर की आधी? नेटच्या बाबतीत मात्र आपण थेट शस्त्रक्रियेवर येतो. विंडोज पुन्हा टाका, राउटर बदला, कंपनीच बदला!

आमच्याकडे गेल्या पावसाळ्यात हेच चाललं होतं. डेस्कटॉपचं वायरवरचं नेट दर दहा-पंधरा मिनिटांनी जायचं आणि आपलं आपण परत यायचं. मोबाईल वायफायवर मात्र ठणठणीत. ताई न्यू जर्सीला. रविवारी संध्याकाळी आई त्याच कॉम्प्युटरवर तिच्याशी बोलते, कारण आईला मोठा पडदा लागतो. तीन रविवार ताईचा चेहरा मध्येच गोठला. कंपनीच्या फोनवर एकच मंत्र, "सर, मोडेम बंद करून चालू करा." शेवटी आई म्हणाली, "राहू दे रे, फोनवर आवाज ऐकू येतो तेवढं पुरे." वायरपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

माझं मत असं, की पैसे काढण्याआधी एका वेळी एकच गोष्ट बदलून बघावी. त्यासाठी 'पिंग' ही माइक म्यूस यांनी 1983 साली लिहिलेली छोटीशी आज्ञा अजूनही पुरते. आधी घरच्याच राउटरला हाक मारत राहायचं (पत्ता बहुधा 192.168.1.1 किंवा 192.168.0.1). तिथेच उत्तरं गळत असतील तर दोष घरात. राउटर नीट उत्तर देतोय पण 8.8.8.8 देत नाही, तर खुशाल कंपनीशी भांडा.

आमच्याकडे राउटरच गप्प व्हायचा. पोर्ट बदललं, फरक नाही. शेजारच्या काकांकडून वायर उसनी आणली आणि सगळं सुरळीत! बसवणाऱ्या मुलाने आमची वायर सरकत्या खिडकीच्या खाचेतून नेली होती. दर वेळी खिडकी लावली की ती चेपायची, आणि पावसाळ्यात खिडकी दिवसातून दहादा लागते.

त्या वायरीत 8 तारा, म्हणजे 4 जोड्या असतात. 100 एमबीपीएसला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. म्हणून वेग कधी 1 जीबीपीएस, कधी 100 एमबीपीएस दिसू लागला तर आधी वायरीवर संशय घ्यावा. तपकीर गल्लीत नवी वायर सहज मिळते. मोडेम बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

असो. मुद्दा वायरीपुरता नाही. 2004च्या सरकारी धोरणात 256 केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं, 2023 पासून त्यासाठी किमान 2 एमबीपीएस लागतात. घरोघरी तर त्याच्या कितीतरी पट वेग आलाय. पण जाहिरातीत फक्त वेगच असतो. तो दिवसभर टिकतो का, हे कंपनी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. टिकत नसेल तर घरातली म्हातारी माणसं तक्रार करत नाहीत, हळूच "राहू दे" म्हणतात. तुमच्या घरी कुणी तसं म्हणू लागलं असेल, तर या रविवारी आधी खिडकीची खाच बघा.